कोकराच्या काळजातलं तांबं

माण तालुक्यातल्या एका तरुण मेंढपाळाचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा:

"आमच्याकडे दख्खनी १४० मेंढ्या. यंदा गावाकडं पाऊस ओढला म्हणून श्रावणातच मेंढरं फलटणच्या कालव्याखाली पाहुण्यांच्या रानात नेली. दिवाळीनंतर व्यायला लागल्या. कोकरं तीन आठवड्यांची झाली तशी त्यांतली नऊ मागच्या पायांत लुळी पडली. हाकलली की कंबर डुलते, मग कुत्र्यासारखी मागं बसतात. ताप नाही, दूध पितात, डोळे तरतरीत. तीन मेली. त्यातल्या एकाचं शवविच्छेदन करून यकृत तपासायला दिलं. रिपोर्टात तांबं ३.१, जस्त ३८, लोह २१०, मँगनीज २.६, सेलेनियम ०.३१ आहे, सगळं मिलिग्रॅम प्रति किलो. चार दिवसांचं एक कोकरू मेंढीखाली चेंगरून मेलं होतं, त्याचंही यकृत दिलं होतं. त्यात तांबं ७.५ आलं. औषध दुकानदार म्हणतो चिमूटभर मोरचूद पाण्यातून सगळ्या कोकरांना पाजा. पाजू का? शेळ्यांना तर आम्ही गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर देतो, त्यांना काही होत नाही."

मोरचूद पाजू नका. पुडी आणून ठेवली असेल तर ती पोरांच्या हातापासून आणि मेंढरांच्या तोंडापासून लांब ठेवा, मग पुढचं वाचा.

आधी या चिमटीचा हिशेब करू. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. बोटांच्या चिमटीत येईल ते अर्धा ग्रॅम धरा, म्हणजे तांबं झालं सव्वाशे मिलिग्रॅम. तुमचं तीन आठवड्यांचं कोकरू पाच-सहा किलोचं. मेंढीला एका वेळी किलोमागे २० मिलिग्रॅमपासून पुढे तांबं जिवावर बेतू शकतं. सहा किलोला १२० होतात. दुकानदाराची चिमूट बरोबर त्या रेषेवर जाऊन बसते, आणि चिमूट कुणाची केवढी हे कुणी मोजत नाही. शेळीचं उदाहरण मेंढीला लावायचं नाही. शेळी तांबं बऱ्यापैकी झेपवते, गाय त्याहून जास्त. पाळीव जनावरांत तांब्याला सगळ्यात नाजूक मेंढी.

आता रिपोर्ट. तुमच्या कोकरांना तांबं कमी पडलं आहे असं मलाही वाटतं. पण "कमी पडलं" आणि "म्हणून पाजा" यांच्यामध्ये बरंच काही आहे, आणि माझ्या नोकरीच्या काळात त्या मधल्या जागेत मी स्वतः एकदा सपशेल आपटलो आहे. तेही सांगतो.

कवी काळीज म्हणतात तेव्हा हृदय समजायचं. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. मेंढरांच्या बाबतीत मी दुकानाच्या बाजूचा. तांब्याचा साठा काळजात असतो. रक्त म्हणजे रस्त्यावरची वाहतूक, ती कोठार रिकामं होत आलं तरी बराच काळ नेहमीसारखी दिसते. शिवाय अंगात कुठं जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतीच लस टोचली असेल तर रक्तातलं तांबं तात्पुरतं वाढतं. म्हणून तुम्ही रक्तावर न थांबता काळीज तपासायला दिलंत ते उत्तम केलंत.

पण तुमच्या कागदावर एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि सगळा अर्थ तिच्यावर अवलंबून आहे: हे आकडे ओल्या काळजाच्या किलोमागे आहेत की वाळवलेल्या? काळजात पाणीच जास्त. मोठ्या मेंढीच्या काळजात दहात सात भाग पाणी, लहान कोकराच्या काळजात चारात तीन भाग किंवा त्याहून थोडं जास्त. म्हणजे एकाच तुकड्याचा ओल्या वजनावर आकडा ३ आला तर कोरड्या वजनावर तो १२ येईल. पुस्तकांत दोन्ही तऱ्हेचे तक्ते असतात आणि इंटरनेटवर तर ते सरमिसळ करून ठेवलेले असतात. प्रयोगशाळेला फोन करून विचारा. तोवर घरबसल्या अंदाज काढायची एक युक्ती सांगतो.

जस्ताकडं बघा. मेंढीच्या काळजात जस्त कोरड्या वजनावर बहुधा शंभराच्या पुढे असतं, ओल्या वजनावर तीस ते पाऊणशे. तुमचं ३८ आहे. मँगनीज ओल्या वजनावर दोन ते चारच्या आसपास असतं, कोरड्यावर दहाच्या घरात. तुमचं २.६. दोन्ही साक्षीदार एकच सांगतात: हा कागद ओल्या वजनाचा आहे. जस्त आणि मँगनीज यांचा काळजात तांब्यासारखा मोठा साठा होत नाही, त्यामुळे त्यांचे आकडे फारसे हलत नाहीत. त्यांची कमतरता ओळखायला ते यामुळेच फारसे कामाचे नाहीत, पण रिपोर्टाची भाषा कुठली हे ओळखायला झकास.

तर तांबं ओल्या वजनावर ३.१. मेंढीच्या काळजात ओल्या वजनावर २५ ते १०० हा ठीकठाक पट्टा मानतात. कोरड्यात बदललं तर तुमचं तीन आठवड्यांचं कोकरू बाराच्या आसपास येतं. कंबर लुळी पडणाऱ्या कोकरांच्या काळजात कोरड्या वजनावर दहा-वीसच्या खालचेच आकडे सापडतात. जुळलं.

तरी मला जास्त बोलका वाटला तो दुसरा आकडा, चेंगरलेल्या कोकराचा ७.५. सांगतो का.

दुधात तांबं जवळजवळ नसतंच. कितीही चांगली मेंढी असो, कितीही खुराक द्या, दुधातून कोकराला तांबं पुरेसं मिळत नाही. निसर्गाने त्यावर तोड काढली आहे ती अशी, की गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात मेंढी स्वतःच्या काळजातलं तांबं उपसून पोटातल्या पिलाच्या काळजात भरते. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसोबत आई शिदोरी बांधून देते, तसंच हे. चांगल्या मेंढीचं कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या काळजात कोरड्या वजनावर शंभराच्या पुढे तांबं असतं. पुढचे दीड-दोन महिने ते त्या शिदोरीवर जगतं. अडीच-तीन किलोचं कोकरू महिन्यात दुप्पट होतं. काळीज वाढतं, मज्जारज्जू वाढतो, रक्त वाढतं, आणि तेवढंच तांबं सगळीकडे वाटलं जातं. म्हणून चौथ्या दिवशीचा आकडा आणि चोविसाव्या दिवशीचा आकडा एकाच फूटपट्टीने मोजता येत नाहीत. तीन आठवड्यांच्या कोकरात आकडा थोडा उतरलेला असणं साहजिक आहे. चौथ्या दिवशी मात्र शिदोरी भरलेली असायला हवी होती. तिथं कोरड्या वजनावर जेमतेम तीस निघतात. म्हणजे शिदोरी बांधतानाच रिकामी होती. तुम्ही कोकरांना काय खायला घातलं, काय नाही, याचा इथं संबंध नाही; हा आकडा कोकराच्या नावावर आहे, पण हकीकत मेंढीची आहे आणि ती आश्विन-कार्तिकातली आहे.

(ते कोकरू खरोखर अपघाताने चेंगरलं का, हाही एक प्रश्न आहे. तांबं फारच कमी असेल तर काही कोकरं जन्मतःच उभी राहत नाहीत. अशी कोकरं मेंढीखालून वेळेवर सरकत नाहीत.)

जुळी असतील तर एका शिदोरीचे दोन वाटेकरी. पूर्वी दख्खनीत जुळं क्वचित. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणल्यापासून काही कळपांत जुळी नेहमीची झाली आहेत. तुमच्या लुळ्या पडलेल्या नऊपैकी जुळी किती हे तुम्ही लिहिलं नाहीत. मोजून बघा.

आता कंबरच का जाते? मज्जारज्जूतल्या तंतूंवर एक चरबीदार वेष्टण चढतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. कोकरात हे काम जन्माआधीच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतं. त्या कामाला लागणारी काही विकरं तांब्याशिवाय चालत नाहीत. सगळ्यात लांब वायरी मागच्या पायांच्या, म्हणून पहिली बोंब तिथून. डोकं शाबूत असतं, म्हणून कोकरू तरतरीत दिसतं, दूध पितं आणि मालकाला वाटतं थोडं मुरगळलं असेल.

हा आजार नवा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात गिंगिन नावाच्या गावाभोवती कोकरं अशीच लुळी पडत, आणि लोक त्याला मुडदूस म्हणत. १९३७ मध्ये बेनेट्स आणि चॅपमन या दोघांनी दाखवून दिलं की मुडदुसाचा काही संबंध नाही, गाभण मेंढ्यांना तांबं कमी पडतं. उपाय त्यांनी केला तो मेंढ्यांवर. तिकडच्या मेंढपाळांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपात ते मुद्दाम दोन-चार काळ्या मेंढ्या ठेवत, कारण तांबं कमी पडलं की काळ्या लोकरीचा रंग उडतो. केसाला काळा रंग देणारं विकरही तांब्यावर चालतं. त्यांना काळ्या मेंढ्या शोधून आणाव्या लागत. आपलं अख्खं दख्खनी मेंढरू काळं! घोंगडी विणणाऱ्या सनगराला विचारा, कोणत्या वर्षीची लोकर तांबूस आणि निर्जीव निघाली ते तो सांगेल.

फक्त एक काळजी घ्या. उन्हाने काळ्या लोकरीची टोकं तांबूस होतातच, त्यावरून काही ठरवू नका. मेंढीच्या बरगडीवरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा आणि कातडीजवळचा बुडखा बघा. टोक तांबूस आणि बुडखा कोळशासारखा असेल तर ते ऊन. बुडख्यापाशीच राखाडी किंवा गंजल्यासारखा पट्टा असेल, आणि केसाची नैसर्गिक वळी जाऊन तो तारेसारखा सरळ झाला असेल, तर ती मेंढी गेल्या काही महिन्यांत तांब्याला मुकली आहे.

मग मुकली कशी? पाहुण्यांच्या रानात हिरवं भरपूर होतं, तुम्ही लिहिता तसं लसूणघास, उसाचं वाढं, बांधावरचं गवत. पोट भरलं होतं. तुमच्या आबांना हे पटणार नाही, कारण दुष्काळात मेंढरं खराब होतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे आणि इथं तर सुकाळात बिघडलं. पण तांबं चाऱ्यात असणं वेगळं आणि ते अंगी लागणं वेगळं. मेंढीच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र आले की त्यांचं एक संयुग बनतं आणि ते तांब्याला असं धरून ठेवतं की तांबं शेणावाटे निघून जातं. चोपण, विम्ल जमिनीत झाडं मॉलिब्डेनम जास्त उचलतात, आणि लसूणघासासारखी द्विदल त्यात पुढे. त्याच्या जोडीला बोअरचं मचूळ पाणी, ज्यात सल्फेट म्हणजे गंधकच असतं. आणि ओल्या रानात खाली खालीपर्यंत चरताना मेंढी माती गिळते. मातीतलं लोहही तांब्याच्या आड येतं. कालव्याखालच्या पट्ट्यात हे तिन्ही एकत्र भेटू शकतात. माणच्या माळावरच्या कुसळी गवतात भेटणं अवघड.

मी "भेटू शकतात" म्हणतोय. फलटणचा सगळा पट्टा असाच आहे असं नाही. म्हणून त्या रानातला लसूणघास आणि ते बोअरचं पाणी तपासायचं: चाऱ्यात तांबं, मॉलिब्डेनम, गंधक, लोह, पाण्यात सल्फेट आणि लोह. चाऱ्यात मॉलिब्डेनमच्या सहा ते दहा पट तांबं असावं असा ढोबळ हिशेब धरतात. त्याच्या बरंच खाली असेल तर कारण सापडलं. पुढच्या वर्षी तुम्ही त्याच रानात जाणार असाल तर हा खर्च कोकरांच्या रिपोर्टाइतकाच गरजेचा आहे.

बाकीच्या आकड्यांवर थोडक्यात. लोह २१० म्हणजे पट्ट्याच्या आतच पण वरच्या अंगाला. तांबं नसलं की काळजातलं लोह बाहेर काढायची व्यवस्था मंदावते, त्यामुळे हे चित्राशी जुळतं. सेलेनियम ०.३१ ओल्या वजनावर पुरेसं आहे. कंबर गेलेली कोकरं पाहिली की सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ठोकायची आपल्याकडे पद्धत आहे. तुमच्या कोकरांना त्याची गरज नाही. सेलेनियमचा उपयोगी डोस आणि मारक डोस यांत फार थोडं अंतर आहे, म्हणून "असू दे, बरं असतं" म्हणून ते टोचायचं औषध नाही. सेलेनियमच्या कमतरतेत कोकरू ताठ चालतं, मांड्यांचे स्नायू कडक लागतात. तुमची डुलतात, लुळी पडतात. कोबाल्टचं कुणी सांगितलं तर सध्या सोडून द्या. कोबाल्टपासून बी-१२ बनवायचं काम पोटातले जिवाणू करतात, आणि तीन आठवड्यांच्या कोकराचं ते पोट अजून चालूच झालेलं नसतं. तो विचार दूध तुटल्यावर, कोकरं वाढेनाशी झाली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तर.

तरीही एक दुवा अजून निखळलेला आहे. काळजातलं तांबं कमी आहे म्हणजे आजार तोच आहे असं सिद्ध होत नाही. तांबं कमी असूनही कोकरू दुसऱ्या कशाने लुळं पडू शकतं. नाळेतून जंतू जाऊन पाठीच्या कण्यात गळू होतं, पण ते एखाद-दुसऱ्याला, एकदम नऊ जणांना नाही. मेंदूतल्या पाण्याच्या गाठीने मेंढरू गरगर फिरतं, पण कुत्र्याच्या शेणातून ती लागण होऊन गाठ वाढायला वेळ लागतो, इतक्या लहानपणी नाही. त्यामुळे माझं झुकतं माप तांब्याकडेच. पण पुढचं लुळं कोकरू मेलं तर, किंवा जे वाचणारच नाही ते डॉक्टरांनी शांत केलं तर, त्याचा मेंदू आणि मज्जारज्जू फॉर्मालिनमध्ये ठेवून पाठवा. उशिरा येणाऱ्या, म्हणजे तुमच्या कोकरांसारख्या प्रकारात मज्जारज्जू डोळ्यांना अगदी निरोगी दिसतो. खराबी सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

आता माझी चूक, कबूल केल्याप्रमाणे. वीसेक वर्षं झाली असतील. द्राक्षपट्ट्यातलं एक गाव, चार महिन्यांची चाळीसेक कोकरं, वाढ खुंटलेली. एक मेलं त्याचं काळीज तपासून आणलं. तांबं ७०. माझ्या डायरीत कोरड्या वजनाचा तक्ता होता, त्यात शंभराखाली म्हणजे कमी. मी तांबं सुरू केलं. कागद ओल्या वजनाचा होता. तेच ७० कोरड्यात सव्वादोनशेच्या पुढे जातात, म्हणजे भरपूर. आणि ती कोकरं बागेतलं गवत खात होती, ज्या बागेवर बोर्डो मिश्रण मारलेलं, म्हणजे पुन्हा मोरचूदच. मी ते विचारलंही नव्हतं.

तीन आठवडे काही झालं नाही. ही तांब्याची खोड आहे: काळीज ते गपचूप साठवत राहतं, आणि मग प्रवास, उपास, पाऊस असल्या एखाद्या धक्क्याने एकदम रक्तात सोडतं. मालकाने कोकरं टेम्पोत घालून बाजाराला नेली आणि परत आणली. दुसऱ्या दिवशी चार कोकरांचे डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी. मी फाडून पाहिलं तर मूत्रपिंडं निळसर काळी, तव्याच्या बुडासारखी. त्यावरचा उतारा, अमोनियम मॉलिब्डेट, मिळवायला दीड दिवस गेला. एकूण सात गेली. मालकाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून कुठल्याही रिपोर्टावर मी आधी लाल पेनाने "ओलं की कोरडं?" असं लिहितो.

या अनुभवाशी तुमच्या कोकरांचा संबंध असा. दूधपितं कोकरू पोटात गेलेल्या तांब्यातलं सत्तर-ऐंशी टक्के शोषून घेतं. दूध तुटून रवंथ सुरू झालं की हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली येतं. तुमची तीन आठवड्यांची कोकरं आज त्या पहिल्या टप्प्यात आहेत. त्यांना थोडंही पुष्कळ होतं. आणि जातीजातीतही फरक असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला नॉर्थ रोनाल्डसे नावाच्या बेटावर मेंढ्या समुद्रशेवाळ खाऊन जगतात, त्यात तांबं अत्यल्प, म्हणून त्यांचं शरीर कणकण गोळा करायला शिकलं आहे. त्यांना साध्या कुरणावर आणलं तरी तांब्याची विषबाधा होते. साधं गवत खाऊन!

मग करायचं काय.

जी सहा कोकरं लुळी आहेत ती तांबं देऊन धावायला लागणार नाहीत. चढलंच नाही ते वेष्टण नंतर चढत नाही. जी फक्त धावताना डुलतात आणि स्वतः उठतात, ती सपाट जागेवर, कळपामागे न पळवता सांभाळली तर जगतात आणि पुढे बाजाराला जाऊ शकतात. त्यांना पुढची खराबी थांबावी म्हणून तांब्याचा लहान डोस द्यायला हरकत नाही. जी उठतच नाहीत, कुशीला पडून जखमा होतायत, त्यांच्याबाबत डॉक्टरांशी स्पष्ट बोला. मनाला लावून घेऊ नका, पण त्यांना ओढतही ठेवू नका.

अजून धडधाकट असलेली याच विणीची कोकरं, विशेषतः ज्यांचं वय सहा आठवड्यांच्या आत आहे, त्यांच्यावर धोका आहे. त्यांना एकदाच, वजन करून, तुमच्या पशुवैद्यकाच्या हातून तांबं द्यावं असं माझं मत. वजन करून म्हणजे काट्यावर, नजरेने नाही. देण्याआधी त्यांना विचारायचं: इंजेक्शन की तोंडातून, त्यात निव्वळ तांबं किती मिलिग्रॅम. औषधाचे मिलिग्रॅम आणि तांब्याचे मिलिग्रॅम वेगळे, मोरचुदाच्या हिशेबात पाहिलंतच. आणि एकच मार्ग. इंजेक्शन दिलं तर बोलस (गिळवायची मोठी गोळी) नाही, चाटण वीट नाही, गाईचं मिनरल मिक्श्चर नाही. एकावर एक थर चढले की माझ्या द्राक्षपट्ट्यातली गोष्ट होते.

खरा उपाय मेंढ्यांवर आहे, आणि तो आज करायचा नाही. व्यालेल्या मेंढीला आज तांबं दिलं तर ते दुधात उतरत नाही, कोकराला त्याचा उपयोग शून्य. पुढच्या आषाढात मेंढा सोडाल, तेव्हा कुठल्या मेंढ्या कधी फळल्या याची खूण ठेवा. मेंढ्याच्या छातीला गेरू लावायची जुनी युक्ती पुरते. तिसरा महिना संपून चौथा लागला की त्या वेळी सहा-आठ मेंढ्यांचं रक्त तपासायचं, जमलं तर बकरी ईदेला किंवा जत्रेला कापलेल्या तुमच्याच मेंढराचं काळीज तपासायला द्यायचं. कमतरता तिथंही दिसली तर तेव्हा मेंढ्यांना तांबं. शिदोरी बांधायला पुढे दीड-दोन महिने मिळतात, तेवढे पुरतात. विण्याच्या तोंडावर दिलं तर उशीर झालेला असतो, आणि त्या वेळी गाभण मेंढीला धरून-पाडून काही करणंही बरं नाही. तपासल्याशिवाय दर वर्षी सवयीने देत राहू नका. ज्या वर्षी मेंढरं माणच्याच माळावर राहतील त्या वर्षी बहुधा गरज पडणारही नाही.

नमुना घेताना: काळजाचा लिंबाएवढा तुकडा, सुपारीएवढा नको. स्टीलच्या सुरीने कापा, गंजलेल्या कोयत्याने नको. गंज म्हणजे लोह. तांब्या-पितळेच्या भांड्यात क्षणभरही ठेवू नका. हसू नका, मी पितळी ताटलीतून आलेलं काळीज पाहिलं आहे. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, मीठ लावू नका, फॉर्मालिनमध्ये बुडवू नका. फॉर्मालिन फक्त मेंदू-मज्जारज्जूला. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा, म्हणजे तुकडा सुकणार नाही. सुकला की ओल्या वजनाचा आकडा फुगतो. बर्फात घाला. काळीज थोडं शिळं झालं तरी त्यातलं तांबं कुठं जात नाही, म्हणून रात्री मेलेलं कोकरू सकाळी सापडलं तरी नमुना वाया गेला असं समजू नका. सोबतच्या चिठ्ठीवर कोकराचं वय दिवसांत, एकटं की जुळं, आधी काही औषध दिलं का, हे लिहा, आणि खाली ठळक: ओल्या वजनावर की कोरड्या, कृपया नमूद करावे. पाठवण्याआधी फोन करून विचारा की तिथं खनिजांची तपासणी होते का. प्रत्येक रोगनिदान प्रयोगशाळेत ते यंत्र असतंच असं नाही.

सध्या मला दोन गोष्टी कळवा. नऊ लुळ्यांत जुळी किती, आणि दहा मेंढ्यांची लोकर बरगडीवर फाकवून बुडख्याचा रंग कसा दिसतो. फोटो उन्हात काढा, सावलीत काळं सगळंच काळं दिसतं. आणि मोरचूद दुकानदाराला परत करा, पैसे नाही दिले तरी.